भैरूनं ठेवलेला धोंडा

१

चौघांनी मिळून जोर लावला, पण प्रेताच्या छातीवरचा धोंडा तसूभर हलेना. मग पोलीस पाटील कुशाबाने बाभळीला बांधलेल्या भैरूला सोडायला सांगितलं. ज्याने खून केला असं सगळा गाव म्हणत होता, त्यालाच सोडून आणलं आणि त्याच्याकडूनच धोंडा उचलून घेतला. भैरूने तो पोटाशी धरून बाजूला ठेवला. मग आपणच बाभळीला पाठ लावून उभा राहिला, आणि दोर बांधणाऱ्याला सोपं जावं म्हणून हातही मागे केले.

फकरुद्दीन मुलाण्याने हे बघून तोंड फिरवलं. साठी गाठलेला माणूस तो. पिरंगुटच्या पलीकडच्या या वाडीत तीन पिढ्या बकरं कापायचा मान त्याच्या घराकडे होता. रक्तामांसाची त्याला शिसारी नव्हती. पण हे वेगळं होतं.

साल ब्याऐंशी. दसरा होऊन आठ दिवस झाले होते. भातं पिकायला आली होती, बांधावरचं गवत अजून हिरवंगार होतं. मेलेला हैबतराव वाडीतला मोठा शेतकरी. रानडुकरं भातात शिरतात म्हणून तो रोज दिवेलागणीला शेतातल्या खोपीत राखणीला यायचा. सकाळी त्याचा धाकटा भाऊ भिवाजी चहा घेऊन आला तर खोप रिकामी. शंभर पावलांवर, माळाच्या कडेला हैबतराव उताणा पडलेला, छातीवर दीड हात लांबीचा काळा धोंडा, आणि उशाशी भैरू बसलेला.

भैरू तानूबाई धनगरणीचा मुलगा. वय तीस, अंगात रेड्याचं बळ आणि डोक्याने पाच वर्षांचा. चिखलात रुतलेली गाडी बैलं सोडून एकटा बाहेर काढायचा आणि वर एक पेपरमिंटची गोळी मिळाली की दिवसभर हसत फिरायचा. ज्याने त्याने त्याला राबवून घेतलं होतं. आज तीच माणसं म्हणत होती की असलं जनावर मोकळं ठेवायलाच नको होतं.

"पौडला मानूस धाडलाय," कुशाबा म्हणाला. "दुपारपतुर फौजदार येत्याल. ह्यो धोंडा वाडीत दुसऱ्या कुणाला उचलतो का? मग इचारायचं काय ऱ्हायलं?"

लोकांनी माना डोलावल्या. फकरुद्दीन मात्र प्रेताजवळ उकिडवा बसला. धोंड्याच्या धारेने सदरा फाटला होता, खालची कातडी फाटली होती, बरगड्या आत गेल्या होत्या. त्याने सदऱ्याची चिंधी उचलून पाहिली. कोरडी. जखम पाहिली. फिकट, धुतल्यासारखी.

चाळीस वर्षं तो एक गोष्ट सांभाळत आला होता. मेलेलं जनावर कापायचं नाही. कुणी मेलेलं बकरं जिवंत म्हणून गळ्यात मारायला आणलं, तर एका बोटाच्या चिरेत त्याला कळायचं. जिवंताचं रक्त उसळतं. मेलेल्याची कातडी नुसती उघडते.

धोंडा पडला तेव्हा हैबतराव मेलेलाच होता.

२

तानूबाई मेंढरं तशीच सोडून धावत आली होती. तिला कुणी भैरूजवळ जाऊ देत नव्हतं, म्हणून ती लांब बांधावर बसून होती. रडतही नव्हती. फकरुद्दीनला बघून म्हणाली, "फकरूभाई, येरवड्याला न्हेत्याल माज्या लेकराला. तितं त्याला भाकर कोन मोडून दील? आख्खी भाकर हातात दिली तर तो बघत बसतो नुसता."

फकरुद्दीन तिच्याशेजारी बांधावर टेकला. त्याने तिला एवढंच विचारलं, की हैबतरावाच्या मिशीला लोकरीचा पुंजका चिकटलाय, तो कशाचा.

तो पुंजका गावानेही पाहिला होता. कुशाबाने तो सगळ्यांना दाखवला होता. झटापट झाली, भैरूच्या घोंगडीची लोकर मिशीत अडकली, आणखी काय पुरावा पाहिजे, असं त्याचं म्हणणं होतं.

तानूबाईने नवलाने त्याच्याकडे पाहिलं. "नाकाशी धरला असंल. कोकरू थंड पडलं की आमी नाकाशी लोकर धरतो. हालली तर जीव हाय. न्हाई हालली तर खड्ड्यात घालून वर धोंडा ठिवायचा. न्हाईतर कोल्ही उकरत्यात."

"भैरूला ह्ये ठावं हाय?"

"मीच शिकिवलंय. येक कोकरू कोल्ह्यानं न्हेलं तवा तीन दिस जेवला न्हवता. तवापासनं मेलेलं कायबी दिसलं की धोंडा ठिवतो. उंदरावरबी ठिवतो, फकरूभाई."

फकरुद्दीन उठला. गर्दी ज्याला वार समजली होती, ती माया होती. त्या वेड्याने श्वास पाहिला, श्वास नव्हता, म्हणून कोल्ह्यांनी हैबतअण्णाला नेऊ नये याची त्याला जमेल तशी सोय केली. आणि माणूस मोठा म्हणून धोंडाही मोठा ठेवला.

त्याने कुशाबाला बाजूला घेतलं आणि रक्ताची गोष्ट सांगितली. हैबतराव आधी मेलाय, धोंडा मागून आलाय, फौजदारांना हे सांगायला हवं, असं म्हणाला.

कुशाबाने शांतपणे ऐकून घेतलं. मग खांद्यावरचं उपरणं झटकून म्हणाला, "मुलानी, तुमी बकऱ्यातलं जानता, तेवडंच बगा. काल त्यानं तुमच्या हातचं मटन खाल्लं हुतं. म्या कुनाला बोललो न्हाई. पर धोंड्यानं न्हाई मेला म्हनलं, तर लोक इचारतील मग कशानं मेला. तवा कुनाचं नाव घेतील, याचा इचार करा."

३

फकरुद्दीन घरी आला. त्याच्या बायकोने, रोशनबीने, सगळं ऐकलं आणि दाराची कडीच लावली.

"गप घरात बसा," ती म्हणाली. "आपलं घर ह्या वाडीत येकलं हाय. कंदुरीत इष घातलं म्हनत्याल. नातवंडांनी कुटं जायाचं?"

ती खोटं बोलत नव्हती. काल कुशाबाने पिराला बोललेली कंदुरी, नवसाच्या बकऱ्याची पंगत, केली होती. बकरं फकरुद्दीननेच कापलं, फातिहाही त्यानेच दिला. वाडीतली शंभर माणसं जेवली आणि सगळी सकाळी धडधाकट उठली. हैबतराव तेवढा आला नव्हता. त्याचं आणि कुशाबाचं काहीतरी बिनसलं होतं. पण कंदुरीला जो येत नाही त्याचा वाटा घरी जातो, आणि आलेला वाटा कुणी परत करत नाही. वैर माणसाशी असतं, पिराशी नसतं. फकरुद्दीनने तो वाटा स्वतः डब्यात भरून कुशाबाच्या हातात दिला होता, आणि कुशाबा म्हणाला होता, देतो धाडून.

फकरुद्दीन भिंतीला टेकून बसला आणि एक एक गोष्ट जागेवर लावू लागला.

माळावर सगळी बोलत होती ती धोंड्याबद्दल. मटणाचा शब्द कुणी काढला नव्हता. त्याने स्वतःही फक्त रक्ताचं सांगितलं होतं. मग कुशाबाच्या तोंडी एकदम मटण कुठून आलं? आणि हैबतरावाने ते खाल्लं, हे त्याला कसं कळलं? सगुणाबाई, हैबतरावाची बायको, तर सकाळी छाती पिटत म्हणत होती की धनी काल घरनं उपाशीच गेले. म्हणजे वाटा घरी गेलाच नव्हता. तो थेट शेतात गेला होता.

कुणाच्या हाती? ज्याच्या हाती दिला तो वाटेत चव घेऊन बघणार. वाडीतला कोण मटणाचा डबा नाकाशी न नेता पोचवील? एकच माणूस. भैरू मटण खात नाही. प्रत्येक कोकराचं तो नाव ठेवतो, आणि ज्याचं नाव ठेवलं त्याला खायचं नसतं, असं त्याचं म्हणणं. यावर सारी वाडी हसायची.

आपली सुरी, आपला फातिहा, आपल्या हाताने भरलेला डबा. नासवायला या माणसाला दुसरं काही मिळालं नाही.

त्याने दाराची कडी काढली. रोशनबी आडवी आली. तिला तो एवढंच म्हणाला, "आज गप बसलो तर उद्या बिसमिल्ला म्हनून सुरी कशी उचलू?"

भैरू जाईल तिथे त्याचा कुत्रा मागोमाग जायचा, आणि आज सकाळी माळावर कुत्रा दिसला नव्हता. तो सरळ भैरूच्या मेंढवाड्याकडे गेला. मेंढवाड्याच्या कुडाशी तानूबाईची चूल होती. चुलीमागे त्याला हवं होतं ते दिसलं. ओल्या मातीचा उंचवटा आणि त्याच्यावर धोंडा. परातीएवढा, लहान.

त्याने धोंडा सरकवून माती उकरली. भैरूचा कुत्रा निघाला, चिमण्या. दात विचकलेले, पाय ताठ, तोंडाशी वाळलेला फेस. असा फेस त्याने मागच्या साली पाहिला होता. भातावर किडीचं औषध मारलेल्या शेताच्या बांधावर तीन मेंढ्या चरल्या, तेव्हा. त्या मेंढ्या कापायला त्याने नकार दिला होता.

हाडकं कुत्र्याला मिळाली होती. मटण हैबतरावाला.

४

आता फक्त का, हे उरलं होतं. आणि ते सांगायला वाडीतलं कुणी तोंड उघडेना.

सगुणाबाईने उघडलं. ती ओसरीवर बसली होती, बायका गोळा झाल्या होत्या. फकरुद्दीन अंगणातच थांबला आणि हैबतराव काल रागावून का गेला, हे विचारलं. ती म्हणाली की त्यांच्या माळाच्या हद्दीचे धोंडे कुणीतरी सरकवले होते. महिन्याभरात कारखान्याची माणसं जागा बघायला यायची होती, आणि वाडीत हद्द दगडावर चालायची, कागद कुणी काढत नसे. दगड आत सरकले म्हणजे माळाचा चांगला पट्टा गेला. धनी पोलीस पाटलाशी भांडून आले होते. माळाच्या पलीकडचं रान पाटलाचं.

"जाताना म्हनलं," सगुणाबाई म्हणाली, "ज्यानं उचाललं त्याच्याच हातनं उद्या सकाळी परत ठिवून घेतो, मंग बगू पाटील काय करतो."

फकरुद्दीन भिवाजीला घेऊन माळावर गेला. भिवाजीचे डोळे तांबडे झाले होते. सकाळपासून तो भैरूला दोनदा लाथा घालून आला होता. प्रेताच्या बाजूला ठेवलेला धोंडा फकरुद्दीनने त्याला दाखवला. खालची बाजू ओल्या मातीने माखली होती, तिच्यावर मुंग्या फिरत होत्या. आज पहाटेच कुठून तरी उचललेला. पंधरा पावलांवर त्याची जागा सापडली. तिथलं गवत दबलेलं होतं, पिवळं पडलं होतं, पण मेलं नव्हतं.

"किती दिस झाकलं तर गवत असं हुतं?" फकरुद्दीनने विचारलं.

भिवाजी शेतकरी होता. "आठ-धा दिस."

"आन ह्ये बग." फकरुद्दीन पाटलाच्या रानाकडे वीस पावलं चालला. तिथे तसाच एक ठसा होता, पण गवताची काडी नव्हती. नुसती पांढरी, घट्ट माती, आणि ऊन लागल्याने मेलेली घोण. आजोबाच्या काळापासून दगड बसलेला असतो, तिथली माती अशी असते. दोन ठशांच्या मधल्या गवतात पहारीचा घाव नव्हता, दगड ओढल्याचा चर नव्हता. बैल लावलेले नव्हते. दगड उचलून, अलगद, लेकरासारखा नेलेला.

भिवाजीने त्या उघड्या मातीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "मुलानी, धोंडं हाललं ह्ये म्या बगितलं हुतं. आठ दिस झालं. समद्यांनी बगितलं हुतं. हितनंच जातो की आमी रोज."

"दादाला सांगितलं न्हाईस?"

"पाटलाच्या वाकड्यात कोन जाईल? दादाला परवा कळलं, आपल्याआपन."

माणूस मारणारा एक होता. पण आठ दिवस रोज या वाटेने जाऊन दगडाकडे पाठ करणारी शंभर होती, आणि तीच शंभर माणसं आज भैरूला बांधलेल्या दोराची गाठ नीट बसली का, ते बघत होती. त्याला थुंकावंसं वाटलं.

तेवढ्यात खालच्या रस्त्यावर जीप वाजली.

५

फौजदार पोरसवदा होते, पण घाईचे नव्हते. त्यांनी कुशाबाचं ऐकलं. कुशाबाने बोलताना दोनदा डोळ्यांना उपरणं लावलं. मग फकरुद्दीन पुढे झाला. कोरडी जखम, लोकर, कुत्रा, दोन ठसे, डबा, सगळं सांगितलं. डबा आपण भरला, हेही सांगितलं. गर्दीत कुजबुज झाली. कुणीतरी मागून म्हणालं, मुलाण्यानंच घातलं असंल की.

कुशाबा हसला. "साहेब, डबा ह्येंनी भरला, असं हेच म्हनत्यात. मी तर तो हातातबी धरला न्हाई. इचारा त्या भैऱ्याला."

फौजदारांनी विचारलं. भैरूने ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. डोळ्यांत पाणी आलं, पण ओठ उघडले नाहीत. कुशाबाचा चेहरा सैल झाला.

"याला बोलता येतं ना?" फौजदार म्हणाले.

"येतं, साहेब," फकरुद्दीन म्हणाला. "पर त्यानं कबूल केलंय, सांगनार न्हाई म्हनून. कबूल केलेलं तो मोडत न्हाई. याचा दोर सोडा."

सोडला. फकरुद्दीन भैरूच्या समोर जाऊन उभा राहिला. भैरूला त्याच्याकडे बघायला मान खाली घालावी लागत होती.

"भैरू, हैबतअण्णानं काल तुला सकाळचं काम सांगितलं हुतं. तोंडानं सांगू नको. काम तसंच ऱ्हायलंय नव्हं?"

भैरूचा चेहरा एकदम पडला. शाळेत पाटी विसरलेल्या पोरासारखा.

"मग कर की," फकरुद्दीन म्हणाला.

भैरू प्रेताशेजारच्या धोंड्याकडे गेला. वाकला, पोटाशी घेतला, उठला. पिवळ्या गवताचा ठसा ओलांडून पुढे गेला, वीस पावलं मोजल्यासारखा चालला, आणि पांढऱ्या मातीच्या जागेवर धोंडा असा ठेवला की तो जुन्या खाचेत बसल्याचा आवाज आला. भैरू परत आला तो थांबला नाहीच. बांधावरचा दुसरा धोंडा उचलला, वीस पावलं नेला, त्याच्या घरी ठेवला. मग तिसरा. चौथा. उन्हात त्याची पाठ चमकत होती. पाचवा धोंडा ठेवून त्याने हात झटकले, तेव्हा माळाची सगळी हद्द पाटलाच्या रानात मागे सरकलेली होती आणि मधे पाच पिवळे ठसे उघडे पडले होते.

एकही शब्द न बोलता त्याने सगळं सांगितलं होतं.

"त्यानं काय हुतंय?" कुशाबा म्हणाला. आवाज चिरकला होता. "येड्याचं काय, हितला दगड तितं ठिवतो. मला काय ठावं?"

फौजदारांनी भैरूला जवळ बोलावलं. मिशांवर हात फिरवून, जरा विचार करून विचारलं, "काय सांगायचं नाही, ते नको सांगूस. सांगायचं नाही अशी शपथ कुणी घातली?"

भैरूने डोकं खाजवलं. हे सांगायचं नाही, असं त्याला कुणीच सांगितलं नव्हतं.

"कुशाबाअप्पानं," तो म्हणाला. "दोनदा घातली. येकदा धोंड्याची, येकदा डब्याची. पांढऱ्या कोकराच्या गळ्याची."

कुशाबा मागे सरला, पण मागे भिवाजी उभा होता.

पुढचं फौजदारांनी केलं. कुशाबाच्या गोठ्यात औषधाची अर्धी बाटली मिळाली आणि चुन्याने घासूनपुसून ठेवलेला फकरुद्दीनचा डबा मिळाला. कुत्रा खड्ड्यातून काढून नेला होता; तो आणि प्रेत तपासायला पुण्याला जाणार होते. हैबतरावाने खोपीतून बांधापर्यंत ज्या टाचा घासल्या होत्या, त्या खुणा आता सगळ्यांना दिसायला लागल्या. सकाळीही त्या तिथेच होत्या.

कुशाबाला जीपमध्ये घातलं तेव्हा भैरू तिकडे धावला. पाटलाला मारतो की काय म्हणून हवालदार मधे पडला. भैरूने नुसता हात पुढे केला. पाच धोंडे उचलले होते, त्याच्या गोळ्या मागत होता. गर्दीतली चार माणसं फिसकन हसली. कुशाबाने तोंड फिरवलं.

जीप गेल्यावर सगळी फकरुद्दीनभोवती गोळा झाली. मुलानी, आमाला आधीच शंका हुती, असं एक म्हणाला. दुसऱ्याने सांगितलं की भैरू मुळात गरीबच, आपण कधी त्याला वाईट म्हटलं नाही. ज्याने सकाळी दोर आवळला होता, त्याने खिशातून पेपरमिंट काढून भैरूच्या तळहातावर ठेवलं आणि पाठीवर थाप मारली. फकरुद्दीनने कुणाशी वाद घातला नाही. त्याने डोक्यावरची टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली आणि गर्दीतून वाट काढली. कुणाचा धक्का लागू नये म्हणून अंग चोरून चालला.

भैरू चुलीमागे त्याला सापडला. उकरलेल्या खड्ड्यापाशी बसला होता. लहान धोंडा मांडीवर घेतला होता.

"चाचा, चिमण्याला कोल्ह्यानं न्हेलं," तो म्हणाला. "म्या धोंडा बारका ठिवला म्हनून."

"न्हाई रं. तुजा धोंडा बरोबर हुता."

"मंग कुनी न्हेलं?"

फकरुद्दीनने मागे वळून पाहिलं. माळाच्या वाटेने वाडी जेवायला घरी चालली होती. नव्याने बसलेल्या धोंड्यांपाशी माणसं थांबत होती, पायाने चाचपून बघत होती, हसत होती.

"मानसांनी," तो म्हणाला.

भैरूने मांडीवरचा लहान धोंडा बाजूला ठेवला. मग उठला, आणि माणसांना उचलता येणार नाही असा मोठा धोंडा शोधायला ओढ्याकडे निघाला.